चरणाऱ्याचं गवत, चालणाऱ्याचं गवत

विम्बल्डनच्या कोर्टांवर २००१ पासून एकच गवत पेरलं जातं, बहुवार्षिक राय गवत. त्याआधी त्यात तीस टक्के तांबडी फेस्क्यू मिसळलेली असायची. स्पर्धेच्या दिवसांत हे गवत आठ मिलिमीटरवर कापलेलं असतं. आता गंमत बघा, थंड आणि ओलसर प्रदेशांत दुभत्या गाई ज्या कुरणांवर पोसल्या जातात, त्यांतलं मुख्य गवतही हेच. प्रजात एक, नाव एक, आणि बी हातावर घेतलं तर डोळ्यांना फरक कळायचा नाही. तरी कोर्टाचं बी कुरणात पेरलं तर जनावर अर्धपोटी राहील, कदाचित आजारीही पडेल. कुरणाचं बी कोर्टावर पेरलं तर महिन्या-दोन महिन्यांत खालची माती दिसायला लागेल.

म्हणून "सगळ्यात चांगलं गवताचं बी कुठलं?" या प्रश्नाला उत्तर नसतं. विचारायचं ते असं : हे गवत कोण कापणार, किती खालपर्यंत, आणि दर किती दिवसांनी? गाय जिभेने वेटाळून ओढते, मेंढी दातांनी बुडाजवळ कुरतडते, घोडा त्याहूनही खाली जातो, मशीन ठरलेल्या उंचीवर सपाट कापते. आधी कापणारं तोंड ठरवायचं आणि मग पिशवी उचलायची.

गवत हे सगळं सोसतं, कारण त्याचा वाढीचा कोंब जमिनीलगत, पानांच्या आवरणात दडलेला असतो. झुडपाचा शेंडा खुडला की तिथली वाढ थांबते. गवताचं पान वरून कापलं तरी बुडातून वर सरकत राहतं. पण सोसण्यालाही सीमा आहे. कापल्यावर थोडं हिरवं पान शिल्लक राहिलं पाहिजे, नाहीतर झाड साठवणीवर जगतं आणि मुळं आखडतात. कुरणासाठी निवडलेल्या वाणाची पानं लांब आणि उभी असतात, फुटवे थोडे पण जाड. त्याला आठ मिलिमीटरवर कापलं की सगळं पान जातं आणि उरतात पांढरट बुडखे. हिरवळीच्या वाणाचं उलटं. फुटवे बारीक आणि दाट, पान आखूड, वाढ आडवी. तो खाली कापलेला चालतो, पण हेक्टरी चारा मोजायला बसलात तर निराशा.

ही फारकत तशी अलीकडची. गवत कापायच्या मशीनचं पेटंट इंग्लंडमध्ये एडविन बडिंग याने १८३० साली घेतलं. त्याआधी हिरवळ राखायला लांब दांड्याचा कोयता किंवा मेंढ्या, एवढंच होतं. पुढेही बराच काळ मैदानांवर कुरणासाठी तयार केलेलेच वाण पेरले जात. १९६७ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाने 'मॅनहॅटन' नावाचा राय गवताचा वाण आणला; त्याची मूळ रोपं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या जुन्या हिरवळीतून वेचलेली होती. त्याच बागेत १९३४ पर्यंत मेंढ्या चरत होत्या. तोंड आणि पाय यांच्या माऱ्याखाली जे टिकलं ते तिथे उरलं होतं. निवडीचं अर्धं काम आधीच होऊन गेलेलं.

तोंड ठरलं की दुसरी चाळणी हवामानाची, आणि तिथे घासाघीस चालत नाही. राय, फेस्क्यू, केंटकी ब्लूग्रास ही थंडीची गवतं, साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअसला जोमात असतात. हरळी, गिनी, अंजन, ऱ्होड्स, झोयसिया ही उन्हाळी, त्यांचा जोम २७ ते ३५ अंशांत. थंडीचं गवत कडक उन्हाळ्यात पाणी ओतून जगवता येतं, पण तो सगळा व्यवहार उधारीचा. उन्हाळी गवत थंडीत सहसा मरत नाही, तपकिरी होऊन झोपतं. त्या तपकिरीला घाबरून लोक बी बदलतात, ते अनाठायी.

मग माती आणि सावली. हरळीला रोज सहा-आठ तास ऊन लागतं. झाडाखाली ती पातळ होत जाते आणि दरवर्षी नवं बी टाकून उपयोग होत नाही. गिनी गवत मात्र सावली बरीच सोसतं, म्हणून फळबागेत चालतं. अंजन दुष्काळाला दाद देत नाही, पण पाणी साचलेल्या जागी कुजतं. पाणथळ जागेत पॅरा गवत हवं. भारी काळ्या मातीत मारवेल बसतं. खारवट जमिनीत हरळी आणि ऱ्होड्स तग धरतात. शेतात जी हरळी खणून खणून माणसं थकतात, तीच फुटबॉलच्या मैदानाला हवीहवीशी वाटते, कारण एकच. धावती खोडं जमिनीवरही आणि जमिनीखालीही, त्यामुळे बुटाने उखडलेली जागा ती स्वतःच भरून काढते.

आता पिशवी. तिच्या पुढच्या बाजूचं चित्र बघून बी घेणं म्हणजे पत्रिकेवरच्या फोटोवरून स्थळ ठरवणं. मजकूर मागच्या बाजूला, बारीक अक्षरात असतो.

शुद्धता आणि उगवण हे दोन आकडे सुटे वाचायचे नाहीत, त्यांचा गुणाकार करायचा. ९५ टक्के शुद्ध आणि ८५ टक्के उगवणीचं बी असेल तर शंभर ग्रॅममध्ये जिवंत आणि खरं बी जवळजवळ ८१ ग्रॅम. ८० टक्के शुद्ध आणि ६० टक्के उगवणीचं असेल तर ४८. दहा किलो जिवंत बी जमिनीत जायला हवं असेल तर पहिलं साडेबारा किलो लागतं, दुसरं एकवीस किलो. म्हणजे दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या साठ टक्क्यांहून कमी असेल तरच ते स्वस्त. शिवाय त्या जास्तीच्या किलोंबरोबर कचरा आणि तणही जास्त येतं. लेप दिलेलं रंगीत बी असेल तर लेपाचं वजन आधी वजा करा. पुष्कळदा तो निम्मा असतो आणि पेरायचं प्रमाण मात्र साध्या बियांचंच धरलं जातं. मग हिरवळ विरळ आली की दोष पावसाला.

तणाचा आकडा नेहमी इवलासा दिसतो. अर्धा टक्का. दहा किलोच्या पिशवीत अर्धा टक्का म्हणजे पन्नास ग्रॅम. ते तण वार्षिक पोआसारखं बारीक बियांचं असेल तर एका ग्रॅममध्ये सहज दोन हजार बिया, म्हणजे पिशवीत लाखभर. चौरस मीटरला ३५ ग्रॅमने पेरलं तर ती पिशवी २८५ चौरस मीटरला पुरते. हिशेब केला तर दर चौरस मीटरला साडेतीनशे तणं तुम्ही स्वतःच्या हाताने पेरली, पाच-सहा सेंटिमीटरवर एक.

त्याहून फसवी ओळ 'इतर पीक' ही. तण नव्हे, म्हणून नजर तिच्यावरून घसरते. पण हिरवळीच्या बियात मिसळलेलं कॉक्सफूट किंवा टिमोथी हे कायद्याच्या भाषेत पीक असतं, कारण कुरणात ते पीकच आहे. हिरवळीत मात्र त्याचे जाडेभरडे ठोंब उठतात आणि निवडक तणनाशकाने ते मारता येत नाहीत, कारण तेही गवतच. खुरप्याने एकेक काढावे लागतात. हिरवळीच्या बियात ही ओळ शून्याच्या जवळ नसेल तर मी ती पिशवी परत ठेवा म्हणेन, उगवण कितीही चांगली असो. कुरणाच्या मिश्रणात लसूणघास किंवा बरसीम असेल तर डोळ्यांत तेल घालून अमरवेलीची नोंद बघायची. तिची बी लसूणघासाच्या बियांत सहज लपते आणि एकदा पसरली की त्या तुकड्यातलं सगळं कापून जाळण्यावाचून गत्यंतर नसतं.

हे आकडे छापायची सक्ती उगाच आलेली नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात क्लोव्हर या द्विदल चाऱ्याच्या बियांत रंग दिलेली बारीक खडी मिसळून विकत. जुनं बी रंगवून ताजं म्हणून खपवत. महागड्या बियांत दुसऱ्याच जातीचं बी शिजवून, मारून मिसळत, म्हणजे ते उगवून भेसळ उघडी पाडणार नाही. १८६९ साली ब्रिटनने बी मारणं आणि रंगवणं गुन्हा ठरवणारा कायदा केला, आणि त्याच वर्षी जर्मनीत थारांट इथे फ्रीडरिश नोबे याने बीजपरीक्षणाची प्रयोगशाळा सुरू केली. मेलेलं बी मिसळायची युक्ती मला त्या सगळ्यात हुशार वाटते. उगवलेली भेसळ शेतात साक्ष देते, न उगवलेली देत नाही.

लेबलवर परीक्षणाची तारीखही असते. ती वर्षाहून जुनी असेल तर घरीच तपासा. शंभर बिया मोजून ओल्या कागदावर पसरा, कागद गुंडाळून झाकलेल्या डब्यात ठेवा, वाळू देऊ नका. रायला दहा दिवस पुरतात, टॉल फेस्क्यूला दोन आठवडे, ब्लूग्रासला चार. पांढरं मूळ आणि हिरवा कोंब दोन्ही धड असलेल्याच मोजायच्या. नुसती फुगलेली बी उगवलेली नव्हे.

मिश्रण हा विषय वजनाच्या सवयीमुळे बिघडतो. राय गवताच्या एका किलोत सुमारे पाच लाख बिया, टॉल फेस्क्यूतही जवळपास तेवढ्याच. केंटकी ब्लूग्रासच्या किलोत तीस लाखांच्या आसपास. गोल्फच्या ग्रीनवरच्या बेंटग्रासच्या तर सव्वा कोटीच्या वर. वीस किलो राय आणि ऐंशी किलो ब्लूग्रास मिसळलं तर संख्येने राय फक्त चार टक्के. वाटतं की दिसणारही नाही. पण राय आठवड्यात उगवतं, ब्लूग्रासला तीन आठवडे लागतात, आणि तोवर जागा, ऊन, पाणी सगळं रायने बळकावलेलं असतं. म्हणून अशा मिश्रणात राय वजनाने पंधरा-वीस टक्क्यांच्या वर नेऊ नये. लवकर हिरवं दिसावं म्हणून स्वस्त मिश्रणांत वार्षिक राय भरपूर घालतात. ते महिनाभर शेजाऱ्यांना दिपवतं, वर्षभरात मरतं आणि जाताना टक्कल ठेवून जातं.

बियांचं प्रमाण पाहिलं तरी दोन्ही गवतांचा स्वभाव कळतो. हिरवळीला राय चौरस मीटरला ३० ते ४० ग्रॅम टाकतात. कुरणात तेच राय हेक्टरी २० ते २५ किलो, म्हणजे चौरस मीटरला दोन-अडीच ग्रॅम. एकीकडे साडेसतरा हजार बिया, दुसरीकडे हजारभर. कुरणात प्रत्येक रोपाला पसरायला, जाड फुटवे धरायला जागा द्यायची असते; हिरवळीत ती जागा मुद्दाम नाकारायची असते. आणि म्हणून हिरवळीत 'थोडं जास्त टाकू' हा मोह वाईट. दुप्पट बी टाकलं की रोपं दोऱ्यासारखी उठतात, खाली ओल कोंडते, बुरशी लागते आणि मर सुरू होते. सोललेल्या हरळीच्या बारीक बियाला तर चौरस मीटरला पाच ते दहा ग्रॅम पुष्कळ झालं. तुसासकट असलेलं हरळीचं बी सावकाश उगवतं. ऋतू अजून गार असेल आणि बीने ऊब येईपर्यंत दबा धरून बसायला हवं असेल तेव्हा ते मुद्दाम वापरतात.

काही गवतांचं बीच नसतं, हे आधी माहीत असलेलं बरं. 'टिफवे'सारखी संकरित हरळी त्रिगुणित, म्हणजे वांझ. ती खोडाचे तुकडे लावूनच वाढवायची. संकरित नेपियरचंही तसंच, नेपियर आणि बाजरी यांच्या संकरातून आलेलं ते वांझ पीक दोन-तीन डोळ्यांच्या कांड्यांनीच लावतात. त्याचं 'बी' कुणी देऊ केलं तर ते दुसऱ्या कशाचं तरी आहे. गिनी गवताला बी धरतं, पण एकाच तुऱ्यात काही पिकतं, काही कच्चं राहतं, काही गळून जातं, त्यामुळे उगवण बेभरवशाची. जागा लहान असेल तर ठोंब लावणं शहाणपणाचं. पन्नास बाय पन्नास सेंटिमीटरवर हेक्टरी चाळीस हजार ठोंब बसतात.

आता त्या आजाराविषयी, ज्याचा उल्लेख सुरुवातीला केला. टॉल फेस्क्यू आणि राय यांच्या पानांच्या बुडात डोळ्यांना न दिसणारी एक बुरशी राहते, एंडोफाइट. ती एका झाडावरून दुसऱ्यावर जात नाही, फक्त बियांतून पुढच्या पिढीत उतरते. गवताला ती कीड आणि दुष्काळ यांपासून वाचवते, बदल्यात आसरा घेते. फुकट राहत नाही, असं म्हणू. पण ती तयार करते ती द्रव्यं जनावराला बाधतात. अमेरिकेत केंटकीच्या एका डोंगरउतारावर १९३१ साली एक दणकट फेस्क्यू आढळली, १९४३ साली 'केंटकी ३१' या नावाने ती बाहेर पडली आणि लाखो हेक्टरांवर पसरली. जनावरं मात्र तिच्यावर झडायला लागली. उन्हाळ्यात धापा टाकत सावलीत उभी राहायची, थंडीत खूर आणि शेपटीची टोकं सडायची, गाभण घोड्या दिवस उलटले तरी व्यायच्या नाहीत आणि व्याल्या तर दूध नसायचं. गवत वरून हिरवंगार, त्यामुळे दोष त्याच्याकडे जायला वेळ लागला. बुरशीचा संबंध १९७० च्या दशकात उलगडला. राय गवतात या बुरशीचीच बहीण जनावरांना झिंग आणते. मेंढ्या हाकल्या की लटपटून पडतात.

उपाय सोपा वाटला, बुरशीविना बी तयार करायचं. केलं. जनावरं सुधारली आणि गवत मरायला लागलं, कारण त्याचा राखणदारच काढून घेतला होता. त्यानंतर अशा बुरश्या शोधून बियांत घातल्या गेल्या ज्या गवताला राखतात पण जनावराला विष देत नाहीत. म्हणून कुरणासाठी फेस्क्यू घेताना नुसतं 'एंडोफाइटमुक्त' वाचून थांबू नये. उन्हाळा कडक आणि चराई जास्त असेल तर निर्विष एंडोफाइट असलेला वाण घ्यावा. आणि हिरवळीच्या पिशवीवर 'एंडोफाइटयुक्त' हा शब्द गुण म्हणून छापलेला असतो. तिथे तो गुण आहेच, पान आणि बुंधा खाणाऱ्या किडी त्याने दूर राहतात (जमिनीतल्या हुमणीवर फारसा परिणाम नाही). पण त्या हिरवळीचं कापलेलं गवत जनावरापुढे टाकायचं नाही, आणि उरलेली पिशवी बांधावर उधळायची नाही.

घोडा असेल तर आणखी जपायला हवं. अंजन आणि सेटारिया गाई-मेंढ्यांना उत्तम, पण त्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. फक्त त्यावर राहिलेल्या घोड्याची हाडं पोखरतात आणि तोंड सुजतं. ज्वारीवर्गातलं सुदान गवत गुडघ्याच्या वर जाईपर्यंत कुणालाच चारायचं नाही, विशेषतः ताणानंतर आलेली कोवळी फूट, कारण तिच्यात सायनाइडचं विष असतं.

कुरणात नुसतं गवत पेरणं मला अर्धवट वाटतं. पांढरं क्लोव्हर, स्टायलो, लसूणघास, यांपैकी हवामानाला जे मानवेल ते द्विदल सोबत हवं, म्हणजे नत्राची पिशवी कमी लागते. पण द्विदलाच्या बियाला त्याच गटाचं रायझोबियम, म्हणजे हवेतलं नत्र मुळाशी आणून देणारं जिवाणूखत, चोळावं लागतं; लसूणघासाचं क्लोव्हरला चालत नाही. पाकिटाची मुदत बघा, सावलीत चोळा आणि त्याच दिवशी पेरा. स्टायलोच्या बियांचं कवच कठीण असतं, ते वाळूत घासून खरवडल्याशिवाय निम्मं बी जमिनीत तसंच पडून राहतं. क्लोव्हर किंवा लसूणघास निम्म्याहून वर गेलं तर पोटफुगीचा धोका, म्हणून तिसरा हिस्सा पुरे.

अंजनाचं ताजं बी घेऊन कुणी लगेच पेरलं तर ते उगवत नाही आणि विकणाऱ्याला शिव्या बसतात. ते झोपेत असतं, सहा महिने ते वर्षभर ठेवल्यावर जागं होतं. शिवाय त्याला केसाळ आवरण असल्यामुळे ते पेरणीयंत्रात अडकतं आणि हाताने फेकलं तर वाऱ्याबरोबर बांधापलीकडे जातं. ओलसर मातीत किंवा वाळूत कालवून फेका, किंवा चिकणमाती आणि शेण यांत मळून वाटाण्याएवढ्या गोळ्या करा. अंजनाचं बी नैसर्गिक रानात मात्र नेऊ नये. अमेरिकेतल्या सोनोरन वाळवंटात चाऱ्यासाठी आणलेलं अंजन सुटलं आणि एरवी क्वचितच जळणाऱ्या निवडुंगांच्या रानाला आग लागायला लागली.

बी पेरताना सगळ्यात जास्त चूक होते ती खोलीची. बारीक बिया अर्धा सेंटिमीटर, मोठ्या फार तर एक-दीड. नांगरून भुसभुशीत झालेल्या मातीत ही खोली राखता येत नाही. बी भेगांतून खाली जातं आणि कोंब वर येण्याआधी शिदोरी संपते. वाफसा आल्यावर जमीन आधी दाबून घ्या. टाच टेकली की एक सेंटिमीटर रुतावी, त्याहून जास्त नको. बी दोन भाग करून एक उभं, एक आडवं फेका, दंताळ्याची पाठ हलकेच फिरवा आणि रोळ चालवा. बी मातीला चिकटलं पाहिजे, नुसतं मातीत असून भागत नाही.

पाणी सुरुवातीला थोडं आणि वारंवार, वरचा एक सेंटिमीटर सुकू न देता. बी एकदा फुगून मूळ फुटलं की परतीची वाट नाही. तिथे एक दुपार कोरडी गेली तर ते मरतं. पुष्कळदा ज्याला 'बी खराब होतं' म्हणतात ते हेच. रोपं उभी राहिली की उलटं करा, पाणी कमी वेळा आणि खोलवर.

कुरणात पहिलं जनावर सोडण्याआधी चिमटीत गवत धरून झटका द्या. पान तुटलं आणि मूळ राहिलं तर सोडा. मूळ हातात आलं तर थांबा. रायच्या एका फुटव्यावर एका वेळी तीनच पानं जिवंत राहतात. चौथं आलं की पहिलं वाळतं, म्हणून दोन ते तीन पानांच्या मधे चारायचं आणि चार-पाच सेंटिमीटर मागे सोडायचं. हिरवळीत एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापू नका, आणि पातं धारदार ठेवा. बोथट पातं कोवळं रोप उपटतं.

पेरलेलंच पुढे टिकेल ही खात्री मात्र कुठलीच पिशवी देत नाही. इंग्लंडमध्ये रोथमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात १८५६ पासून एका जुन्या कुरणाचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळं खत देतात, नवं बी न पेरता. बिनखताच्या तुकड्यांत आज चाळीसच्या आसपास जाती नांदतात; वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट मिळून आम्ल झालेल्या, चुना न दिलेल्या तुकड्यांत दोन-तीन उरल्या आहेत. पेरणीआधी मातीचा सामू तपासून चुना देणं कंटाळवाणं काम आहे खरं, पण चुन्याच्या पैशात महागडं बी घेणारे पुढे दोन्ही घालवतात.

उरलेलं बी हवाबंद डब्यात, कोरड्या आणि थंड जागी ठेवा, वाण आणि लॉट क्रमांक डब्यावर लिहून, म्हणजे टक्कल पडलेल्या जागा त्याच वाणाने भरता येतील. ओलावा एक टक्का कमी झाला किंवा तापमान पाच अंशांनी उतरलं की बियाचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. आतली बुरशी मात्र बियाच्या आधी मरते. उबदार खोलीत वर्ष-दीड वर्ष पडलेलं फेस्क्यूचं बी नीट उगवतं, पण त्यातला राखणदार गेलेला असू शकतो, आणि पिशवीवर 'एंडोफाइटयुक्त' तसंच छापलेलं राहतं.